काच दोन बोटं

गिरणारे ओलांडलं तेव्हा टोमॅटोचे क्रेट रचलेली
शेवटची पिकअप समोरून गेली,
मग काश्यपीच्या काठापर्यंत आमचाच उजेड.
निफाडचा पारा सकाळीच सहावर होता.
इथे मोजायला कोणी नाही,
कानाच्या पाळ्या सांगतील तेवढंच.

ओम्नी लावली, उतरलो,
चिमूटभर माती उडवून पाहिली,
आणि पुन्हा फिरवून लावली.
शलाका हसली : बाबा, कौल लावताय का?
हो. धुराला विचारतोय, तुला कुठे जायचंय.

सीटखालचा हीटर मीच बसवलाय.
अंबडच्या शेडमध्ये बावीस वर्षं पंप खोलले,
डिझेल माझ्या नखांतून अजून गेलेलं नाही.
हासुद्धा एका नळीने श्वास घेतो, दुसरीने सोडतो.
सोडलेला श्वास मात्र कुणाच्या नाकाशी येता कामा नये.
म्हणून नळीचं तोंड गाडीच्या पोटाखाली नाही,
पार कडेला, वारा जातो त्या अंगाला,
भोवतीचं वाळलं गवत हातभर उपटलेलं.
जोडावरची पट्टी बोटाने चाचपायची.
कालच चाचपली होती, असं म्हणायचं नाही.
उशीच्या उंचीवर ती पांढरी डबी :
झोपण्याआधी बटण दाबून
एकदा तिला किंचाळू द्यायचं.

आणि काच दोन बोटं खाली.

मग हीटर कशाला लावायचा?
शलाकाचं बरोबर आहे.
तापवायचं आणि सांडायचं, असला हा हिशेब.
तिला मी निवृत्ती बोरस्तेचं सांगितलेलं नाही.
द्राक्षांची गाडी, कसाऱ्याच्या अलीकडे,
कॅबिनमध्ये घमेलं, घमेल्यात निखारे,
काचा गच्च.
क्लीनर ताडपत्रीखाली कुडकुडत झोपला होता,
तो उठला.
निवृत्तीचे गाल गुलाबी होते म्हणे,
लोक म्हणाले, किती शांत झोपलाय.
डिझेलला वास असतो, रबर जळलं तर वास येतो,
याला नाही.
हे पाहुण्यासारखं दारही वाजवत नाही.

टक, टक, टक. पंप थेंब मोजतोय.
अकरा वाजता पलीकडच्या तंबूतलं हसणं थांबलं.
आमच्याआधीच आलेली चार पोरं,
मघाशी मक्याची कणसं भाजत होती.
बाहेर सिगडी दिसेना.
तंबूचं कापड मात्र आतून लालसर.

मी पडून राहिलो. खरं सांगतो, पडून राहिलो.
कोण हा म्हातारा, म्हणतील.
तंबूत पोरी आहेत, भलतंच काही समजतील.
शंभर टकटक मोजल्या असतील,
मग चपला शोधल्या.

कोण तुम्ही, काका?
झोपमोड करायला आलोय, म्हटलं. चेन उघडा.
एक जण चिडला. एक म्हणाला, निखारेच तर आहेत, धूर कुठाय?
तिसरी, लोकरीची टोपी घातलेली, काहीच बोलली नाही.
डोकं जड झालंय, म्हणून आडवी झाले होते, म्हणाली,
आणि चार पावलं चालून
पाण्याच्या कडेला ओकली.

त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.
त्या पोरीचे हात मी ओम्नीच्या गरम वाऱ्यापुढे धरवले.
चिडलेला पोरगा सिगडीवर पाणी ओतत राहिला,
निखारे विझून कितीतरी वेळ झाला तरी.
मग तिला गाडीत घालून गिरणाऱ्याच्या दवाखान्यात,
डॉक्टर उठेपर्यंत मीच दार बडवलं.
एका रात्रीत दोन दारं.

परत आलो तेव्हा पहाट धुक्यात अडकलेली.
शलाका मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन.
हीटर बंद केला. वायर उपटायची नसते,
बटण दाबून वाट पाहायची,
आतली धग निवेपर्यंत
पंखा एकटाच फिरत राहतो.

बाबा, थंडी येतेय तिकडून, ती झोपेतच म्हणाली.

घोंगडी तिच्या पायांवर ओढली.
काच तशीच.